चिन्हापाशी अडणारा शोध

बेंगळुरूच्या नम्म मेट्रोची जांभळी मार्गिका पूर्वेकडे जिथे संपते, त्या स्थानकाचे अधिकृत नाव 'व्हाइटफील्ड (काडुगोडी)' असे आहे. मार्च २०२३ मध्ये ते सुरू झाले, तेव्हापासून ते नाव कंसासकटच लिहिले जाते. आता समजा, स्थानकांच्या यादीवर कोणी एक साधी शोधचौकट बसवली आणि टाइप केलेल्या मजकुराचे थेट रेग्युलर एक्स्प्रेशन केले. 'व्हाइटफील्ड' एवढेच लिहिले तर स्थानक सापडते. पुढे उघडता कंस टाकला की जावास्क्रिप्ट चूक दाखवून थांबते, कारण तिच्या लेखी एक गट उघडला आणि बंद झालाच नाही. कंस पुरा केला की चूक जाते, पण निकाल शून्य येतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये कंस हे गट बांधण्याचे चिन्ह आहे, अक्षर नव्हे. म्हणून यंत्र बिनकंसाचे नाव शोधते आणि यादीत तसे नाव नसते. नाव पूर्ण आणि अचूक लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, अर्धवट लिहिणाऱ्याचे काम होते.

शोधातल्या बिघाडांची ही एक मोठी जात आहे. टिंब, स्वल्पविराम, अपॉस्ट्रॉफी, कंस, तिरकी रेघ, अधिक, उणे, टक्का, तारा यांपैकी काहीही शोधशब्दात आले की संकेतस्थळ एक तर चूक फेकते, किंवा काहीच दाखवत नाही, किंवा सगळेच दाखवते. १८८२ मध्ये डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने अँग्लो-इंडियन कुटुंबांची वसाहत म्हणून सुरू झालेले व्हाइटफील्ड आज आयटीपीएल आणि आजूबाजूच्या टेक पार्कांमुळे ओळखले जाते. तिथे रोज लिहिल्या जाणाऱ्या कोडचा काही भाग कुठे ना कुठे एखाद्या शोधचौकटीला जोडलेला असतो, आणि ते लिहिणाऱ्यांत मराठी माणसे पुष्कळ आहेत. म्हणून या प्रश्नाचा आढावा मराठीत, आणि मराठी मजकुराला मध्यभागी ठेवून घ्यायला हवा.

या बिघाडावर सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे 'स्पेशल कॅरॅक्टर काढून टाका'. माझ्या मते सर्वांत वाईट उपायही हाच. इंग्रजी मजकुरावर तो कसाबसा खपतो. मराठीवर चालवला तर भाषाच कापली जाते. पायथनचे उदाहरण घ्या. त्याच्या नेहमीच्या 'आरई' मॉड्यूलमध्ये 'शब्दातले अक्षर' असा एक तयार वर्ग आहे. त्यात अक्षरे, अंक आणि अधोरेषा येतात. देवनागरीच्या काना-मात्रा, अनुस्वार आणि हलन्त येत नाहीत, कारण युनिकोडच्या हिशेबात त्या 'अक्षर' नसून 'मार्क' आहेत. त्यामुळे 'शब्दातले अक्षर आणि रिकामी जागा सोडून बाकी सगळे काढा' असा निरुपद्रवी दिसणारा नियम लावला की 'पुणे'चे 'पण' होते आणि 'व्हाइटफील्ड'चे 'वहइटफलड'. ज्यांनी नियम आणखी कडक करून फक्त इंग्रजी अक्षरे आणि आकडे ठेवले, त्यांच्याकडे मराठी शोधशब्द पूर्ण रिकामा होऊन पोहोचतो. इलाज सोपा आहे: नियमात युनिकोडचे 'लेटर', 'मार्क' आणि 'नंबर' हे तिन्ही वर्ग नावानिशी घ्यायचे. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय २०१८ च्या प्रमाणापासून आहे. पायथनमध्ये त्यासाठी 'रेजेक्स' नावाचे वेगळे मॉड्यूल वापरावे लागते.

पण मुळात चिन्ह काढायचे की नाही, हे ठरवण्याआधी ते कुठे अडते आहे ते पाहायला हवे. शोधशब्द चौकटीतून निघतो, ब्राउझरच्या पत्त्यात बसतो, वाटेतली फायरवॉल आणि वेब सर्व्हर ओलांडतो, शोधयंत्राच्या भाषेत वाचला जातो, आणि शेवटी सूचीतल्या तुकड्यांशी ताडला जातो. प्रत्येक टप्प्यावर वेगळी चिन्हे 'खास' असतात. एकाच तक्रारीमागे चार वेगळी कारणे निघतात ती यामुळेच.

पत्त्याचा टप्पा आधी घेऊ. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ या दस्तऐवजाने वेबपत्त्यातल्या राखीव चिन्हांचे नियम पक्के केले. '#' नंतरचा मजकूर ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. '&' आले की पुढचा भाग वेगळा घटक मानला जातो. '+' ही फॉर्मच्या जुन्या पद्धतीत रिकाम्या जागेची खूण आहे. म्हणून कोडमध्ये हाताने पत्ता जोडणाऱ्याने 'सी++' किंवा 'सी#' पाठवले तर पलीकडे नुसता 'सी' पोहोचतो, आणि सी प्लस प्लसची नोकरी शोधणाऱ्याला भलत्याच जागा दिसतात. देवनागरी या टप्प्यावर लांबलचक होते. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात, म्हणजे 'पुणे' या चार चिन्हांच्या शब्दाला छत्तीस जागा. हे संकेतन ब्राउझर किंवा भाषेचे तयार फंक्शन बिनचूक करते. चूक होते ती ते दोनदा केल्यामुळे. टक्क्याचेच पुन्हा संकेतन झाले की शोधचौकटीत शब्दांच्या मध्ये '%२०' असली अक्षरे दिसू लागतात. ती दिसली की शोधयंत्राला हात लावू नये, पत्ता जोडणारे कोड उघडावे.

सर्व्हरच्या टप्प्यावर चुकीचा क्रमांक बरेच सांगून जातो. अपाचे सर्व्हर पत्त्याच्या मार्गात संकेतनातून आलेली तिरकी रेघ मूळ सेटिंगनुसार नाकारतो आणि ४०४ देतो. त्यामुळे '/शोध/' च्या पुढे शब्द जोडणाऱ्या स्थळावर '७/१२' शोधले की पानच सापडत नाही. तोच शब्द प्रश्नचिन्हाच्या पुढे घटक म्हणून पाठवला तर बिनतक्रार जातो. टॉमकॅटने २०१६ च्या अखेरीपासून उभी रेघ आणि महिरपी कंस यांसारखी चिन्हे कच्ची आली तर ४०० देऊन परत पाठवायला सुरुवात केली, आणि काही ब्राउझर ती कच्चीच पाठवतात. ४०३ आला तर बहुधा फायरवॉलला अपॉस्ट्रॉफीत हल्ल्याचा वास आलेला असतो. ५०० आला तर शब्द आतपर्यंत पोहोचला आणि एसक्यूएल किंवा शोधभाषेच्या व्याकरणात अडकला. क्रमांक काहीच नाही, पान नीट उघडले, पण निकाल शून्य किंवा भरमसाट, तर शोधयंत्र आणि सूची तपासायची वेळ आली असे समजावे.

खरा गुंता इथून पुढे आहे. ल्युसीन ही १९९९ मध्ये डग कटिंग यांनी लिहिलेली शोधाची लायब्ररी. सोलर आणि इलॅस्टिकसर्च दोन्ही तिच्यावर उभे आहेत. ल्युसीनची स्वतःची शोधभाषा आहे आणि तिच्यात अधिक, उणे, उद्गारचिन्ह, सर्व प्रकारचे कंस, अवतरण, टिल्ड, तारा, प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम यांना अर्थ आहे. २०१२ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यांत तिरकी रेघही आली. ती रेग्युलर एक्स्प्रेशनची सुरुवात मानली जाते. त्या वर्षी आवृत्ती बदलल्यावर अनेक ठिकाणचे चालू शोध अचानक बंद पडले ते या एका रेघेमुळे.

मराठीला यातला अपूर्णविराम सर्वांत जास्त नडतो. आपण 'दुःख', 'निःशुल्क', 'अंतःकरण' हे शब्द विसर्गाने लिहायला हवेत. पण कित्येक कीबोर्डांवर विसर्ग शोधावा लागतो आणि अपूर्णविराम हाताशी असतो, म्हणून असंख्य लोक 'दु:ख' आणि 'नि:शुल्क' असे लिहितात. डोळ्याला फरक जाणवत नाही. ल्युसीनच्या भाषेत मात्र अपूर्णविरामाच्या डावीकडे रकान्याचे नाव आणि उजवीकडे शोधायचा शब्द असतो. म्हणजे 'नि:शुल्क' लिहिले की यंत्र 'नि' नावाच्या रकान्यात 'शुल्क' शोधते. असा रकाना नसतोच. इलॅस्टिकसर्चच्या 'क्वेरी स्ट्रिंग' प्रकारात गुपचूप शून्य निकाल येतात; सोलरच्या मूळ पार्सरमध्ये अनोळखी रकान्याची चूक येते. निःशुल्क आरोग्य शिबिर कुठे आहे हे शोधणाऱ्या बाईला यातले काहीही कळण्याचे कारण नाही. तिला एवढेच दिसते की शिबिर नाही.

इथे दोन गोष्टी कराव्या लागतात. सर्वसामान्य वापरकर्त्याच्या चौकटीमागे संपूर्ण शोधभाषा कधीच उघडी ठेवू नये. इलॅस्टिकसर्चमध्ये साधी 'मॅच' किंवा 'सिंपल क्वेरी स्ट्रिंग', सोलरमध्ये 'डिसमॅक्स' घराण्यातला पार्सर घ्यावा. आणि देवनागरीच्या दोन अक्षरांमध्ये अडकलेला अपूर्णविराम विसर्गात बदलावा. हा बदल शोधशब्दावर आणि सूचीत जाणाऱ्या मजकुरावर, दोन्हीकडे, सारखाच व्हायला हवा. एकीकडेच केला तर बिघाड फक्त बाजू बदलतो.

शोधभाषेतून पार पडलेला शब्द मग तुकड्यांत तोडला जातो. ल्युसीनचा प्रमाण तोडक युनिकोडच्या शब्दसीमेच्या नियमांवर चालतो. त्या नियमांत दोन अक्षरांच्या मध्ये, जागा न सोडता आलेले टिंब शब्द तोडत नाही; संकेतस्थळांची नावे एकसंध राहावीत म्हणून ते तसे आहे. पण मराठीत आपण आद्याक्षरे कशी लिहितो ते आठवा. 'पु. ल. देशपांडे' असे जागा सोडून लिहिले तर तीन तुकडे होतात आणि 'देशपांडे' शोधल्यावर नोंद सापडते. 'पु.ल.देशपांडे' असे सलग टंकलेले असेल तर ते सगळे मिळून एकच शब्द ठरते आणि 'देशपांडे' शोधणाऱ्याला ते पुस्तक दिसत नाही. 'वि.स.खांडेकर', 'ग.दि.माडगूळकर' सगळ्यांची हीच गत. ग्रंथालयांच्या याद्या वर्षानुवर्षे वेगवेगळ्या हातांनी टंकलेल्या असतात, त्यांत दोन्ही पद्धती सरमिसळ असतात. एकाच लेखकाची निम्मी पुस्तके शोधात येतात आणि निम्मी येत नाहीत, तेव्हा आधी टिंबानंतरची जागा पाहावी.

उलट बाजूने तिरकी रेघ आणि जोडरेघ शब्द तोडतात. '७/१२' चे '७' आणि '१२' असे दोन तुकडे होतात आणि ज्या कागदात हे दोन आकडे कुठेही आहेत तो कागद निकालात येतो. गट क्रमांक '४५/२/अ' असला की तीन तुकडे. कर्नाटकच्या 'भूमी' या जमीन-नोंदींच्या प्रणालीने हे ओळखून सर्व्हे नंबर, सरनॉक आणि हिस्सा असे वेगळे रकानेच केले आहेत. त्यातल्या सरनॉकच्या रकान्यात बहुतेकदा नुसता '*' असतो. बहुतेक शोधयंत्रांच्या भाषेत ताऱ्याचा अर्थ 'काहीही चालेल' असा होतो; इथे तो प्रत्यक्ष नोंदीचा भाग आहे. ज्याने सरसकट तारे गाळायचा नियम लिहिला, त्याने जमिनीची ओळखच गाळली. अशा क्रमांकांसाठी न तोडलेला, जसाच्या तसा जुळवायचा स्वतंत्र रकाना ठेवणे हा एकच भरवशाचा मार्ग मला दिसतो. त्याला जोडून देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत नेणारी गाळणी लावली की टंकणाऱ्याने कोणते आकडे वापरले याने फरक पडत नाही.

मायएसक्यूएलवर चालणारी लहान स्थळे वेगळ्याच कारणाने अडतात. 'लाइक' या शोधात '%' आणि '_' ही जोकर चिन्हे आहेत, म्हणून '५०% सूट' शोधताना टक्क्याआधी सुटकेचे चिन्ह लावावे लागते. इनोडीबीच्या पूर्णमजकूर सूचीत मूळ सेटिंगनुसार तीनपेक्षा कमी चिन्हांचे शब्द घेतलेच जात नाहीत. त्यामुळे 'मध', 'ऊस', 'घर' यांचा शोध शून्य निकाल देतो. चिन्हांचा हा दोष नाही, पण तक्रार तशीच दिसते, म्हणून तपासताना हे आधी वगळावे.

आता अक्षरांच्या पोटातली चिन्हे. हा भाग बहुतांशी आपला आहे आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत तो सहसा येत नाही. 'ॲप' हा शब्द घ्या. 'ॲ' साठी युनिकोडमध्ये एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र जागा मिळाली, क्रमांक ०९७२. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयात या स्वराला अधिकृत स्थान दिले. पण त्याआधी लोक 'अ' वर वेगळी अर्धचंद्राची मात्रा लावून 'अॅ' लिहीत, आजही लिहितात. आणि काही कीबोर्ड हिंदीचा 'ऍ' देतात. पहिली दोन रूपे पडद्यावर सहसा सारखीच दिसतात. युनिकोडच्या नियमांत मात्र ती समतुल्य नाहीत, म्हणजे नेहमीचे प्रमाणीकरण चालवूनही ती एक होत नाहीत. 'ॲलर्जी', 'ॲसिडिटी', वकिलांच्या नावाआधीचे 'ॲड.' असे शेकडो रोजचे शब्द यात सापडतात.

दुसरा पेच आडव्या रफाराचा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'दऱ्या'मधला आडवा रफार दोन प्रकारे लिहिला जातो: 'ऱ' हे अक्षर आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि 'झेडडब्ल्यूजे' नावाचे न दिसणारे जोडचिन्ह. दुसरे अदृश्य चिन्ह 'झेडडब्ल्यूएनजे'. 'वाङ्मय', 'उद्घाटन' यांत जोडाक्षर होऊ नये म्हणून ते घातले जाते. कन्नडमध्ये 'व्हाइटफील्ड' लिहितानाही 'ट'चा 'फ'शी जोड होऊ नये म्हणून हेच चिन्ह मध्ये असते, तेव्हा व्हाइटफील्डमधल्या कन्नड सहकाऱ्यालाही हा त्रास ओळखीचा असतो. ही चिन्हे सूचीत राहिली तर न दिसणाऱ्या फरकामुळे शब्द जुळत नाहीत. म्हणून आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे प्रमाणीकरण वापरायचा सल्ला दिला जातो. त्याची मूळ पद्धत अशी अदृश्य चिन्हे गाळते. मराठीत हा सल्ला आहे तसा घेतला तर जोडचिन्हाने लिहिलेल्या 'दऱ्या' थेट 'दर्या' होतात. त्यासाठी क्रम पाळावा लागतो: आधी 'र', हलन्त आणि जोडचिन्ह यांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त बसवायचे, 'अॅ' आणि 'ऍ' यांचे 'ॲ' करायचे, आणि मगच अदृश्य चिन्हे गाळायची.

इलॅस्टिकसर्चबरोबर येणाऱ्या भाषा-विश्लेषकांत हिंदी आहे, बंगाली आहे, मराठी नाही. म्हणून मराठी स्थळांवर सर्रास हिंदीचा विश्लेषक लावला जातो. तो 'ऱ' चा 'र' करतो, दीर्घ मात्रा ऱ्हस्व करतो, हलन्त काढून टाकतो. 'दिन' आणि 'दीन' एक होतात. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सांभाळून घेण्यासाठी हे सैलपण कधी उपयोगी पडते हे मला मान्य आहे. पण ते दुसऱ्या क्रमांकाच्या रकान्यात असावे. नेमका जुळणारा शब्द वर आणि सैल जुळणी खाली, अशी मांडणी केली तर दोन्हीचा फायदा मिळतो.

जुन्या मजकुराची गोष्ट आणखी कठीण आहे. आयएससीआयआय हे भारतीय लिप्यांचे प्रमाण १९९१ मध्ये पक्के झाले, युनिकोडची देवनागरीही त्याच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतली. तरी छापखान्यांत आणि कार्यालयांत श्रीलिपीसारखे फॉन्ट दीर्घकाळ चालले. त्यांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले असत. अशा पीडीएफमध्ये डोळ्याला मराठी दिसते आणि यंत्राला कंस, टक्के आणि रोमन अक्षरांची रांग. तिथे शोधयंत्र कितीही सुधारले तरी उपयोग नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो.

वसई आणि गोव्याच्या आडनावांचा अपॉस्ट्रॉफी सगळ्या टप्प्यांवर एकदम अडतो. 'डि'सोझा' सरळ चिन्हाने लिहिले तर एक शब्द, वळणदार चिन्हाने लिहिले तर दुसरा. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन ते आपोआप वळणदार करतो. काही जुन्या नोंदींत ते 'डि&#३९;सोझा' असे एचटीएमएलच्या संकेतात साठवलेले असते. आणि हल्ल्याच्या भीतीने कित्येक फॉर्म हे चिन्ह घेतच नाहीत. एसक्यूएल इंजेक्शनची भीती खरी आहे, पण तिचे उत्तर बांधलेल्या घटकांची क्वेरी हे आहे आणि निकालाच्या पानावर शब्द दाखवताना त्याचे एचटीएमएल निष्प्रभ करणे हे आहे. ही दोन्ही कामे नीट केली तर नावातले चिन्ह गाळायचे काहीच कारण उरत नाही. माणसाला स्वतःचे आडनाव लिहू न देणे ही सुरक्षितता नव्हे.

तपासणीची पद्धत म्हणाल तर एक तक्रार घ्यावी आणि तोच शब्द तीन प्रकारे पाठवावा: चिन्हासकट, चिन्ह काढून, आणि चिन्हाच्या जागी रिकामी जागा ठेवून. चिन्ह काढल्यावर निकाल आले तर शोधभाषा किंवा तोडक दोषी. जागा ठेवल्यावर आले तर तोडक. कशानेच आले नाहीत तर साठवलेला मजकूर पाहावा. ब्राउझरच्या 'नेटवर्क' खिडकीत प्रत्यक्ष गेलेला पत्ता, सर्व्हरच्या नोंदवहीत पोहोचलेला पत्ता, आणि इलॅस्टिकसर्चच्या 'ॲनलाइझ' किंवा सोलरच्या 'ॲनॅलिसिस' पडद्यावर पडलेले तुकडे, या तीन ठिकाणी शब्द शेजारी ठेवून पाहिला की बिघाड लपत नाही. सूचीचे नियम बदलले की पूर्ण सूची नव्याने बांधावी लागते. हे विसरले जाते आणि मग 'सुधारणा करूनही फरक पडला नाही' असे ऐकू येते.

शून्य निकालांची नोंद बहुतेक ठिकाणी साठते आणि कोणी उघडत नाही. व्हाइटफील्डमध्ये, पुण्यात किंवा आणखी कुठे शोधयंत्रावर काम करणाऱ्या मराठी मंडळींना माझे सांगणे आहे: आठवड्यातून एकदा ती नोंद वाचा, आणि तुमच्या स्थळावर 'नि:शुल्क', 'अॅप', 'दऱ्या', 'वाङ्मय', 'पु.ल.देशपांडे', 'डि'सोझा', '७/१२' आणि 'सी++' हे आठ शोध लावून पाहा. जे अडतील ते तुमच्या चाचण्यांत कायमचे घाला, आणि मराठीसाठी लिहिलेले नियम स्वतःपाशी न ठेवता ल्युसीनकडे पाठवा. तिथे हिंदी आणि बंगालीशेजारी मराठीची जागा अजून रिकामी आहे.